लॉग होम बांधायचंय ना? मग एक हिवाळा इथे काढा आणि मग ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यातला फ्लॅट विकायचा, पीआर (कायम राहण्याचा परवाना) हातात आलं की कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात यायचं, कॅरिबू भागात चार-पाच एकर जागा घ्यायची आणि पहिल्याच उन्हाळ्यात स्वतःच्या हातांनी ओंडक्यांचं घर उभारून दिवाळी त्यात करायची, असा तुमचा बेत आहे. जमेल का, आणि काय सांभाळायचं, असं विचारलंत. हंड्रेड माइल हाउस नावाच्या गावापासून थोड्या अंतरावर आम्ही अशाच घरात राहतो. घर जमेल. ती दिवाळी मात्र बेतातून काढून टाका.

कारण लाकडातच आहे. आपल्याकडे घर बसलं म्हणजे कोसळलं. इथे लॉग होम बसतं, म्हणजे आटत आटत खाली येतं, आणि त्याने तसं बसावं हे धरूनच ते बांधावं लागतं. लाकूड जाडीत आटतं, लांबीत जवळजवळ नाहीच. आडव्या ओंडक्यांची भिंत म्हणजे एकावर एक रचलेल्या जाड्याच. ओल्या ओंडक्यांची भिंत असेल तर फुटाला पाऊण इंच आटणं धरतात, म्हणजे आठ फुटी भिंतीला सहा इंच. ते आटणं पुरं व्हायला काही वर्षं जातात. आणि घरातल्या बाकीच्या गोष्टी मात्र आटत नाहीत: उभे खांब, खिडकीची चौकट, जिना, नळ, धुराडं, आतल्या साध्या भिंती. म्हणून दारा-खिडक्यांच्या डोक्यावर मोकळी फट ठेवतात आणि वरून फळी लावून ती झाकतात. खांबांखाली लोखंडी स्क्रू जॅक बसवतात, म्हणजे स्क्रू फिरवून खांब खाली उतरवता येतो. आमच्याकडे दर वसंतात आणि दर शरदात नवरा पाना घेऊन खाली वाकायचा, मी भिंतीवरची पेन्सिलची खूण बघायची, आणि खांब थोडा थोडा खाली उतरवायचा. पहिल्या वर्षी दाराच्या डोक्यावर माझी अख्खी मूठ जायची, चौथ्या वर्षी दोन बोटं.

हे न कळणारा कारागीर काय करू शकतो तेही सांगते. आमच्या खिडक्यांच्या कडेच्या उभ्या पट्ट्या बसवायला आलेला सुतार साध्या घरांमध्ये तरबेज होता. त्याने पट्ट्या वरच्या ओंडक्याला अगदी घट्ट भिडवल्या. दिसायला काम सुबक. दुसऱ्या हिवाळ्यात अख्खी भिंत त्या पट्ट्यांवर टेकली, पट्ट्या धनुष्यासारख्या वाकल्या आणि एका रात्री स्वयंपाकघरातली काच गेली. तेव्हा प्लंबर असो, इलेक्ट्रिशियन असो की किचन कॅबिनेट बसवणारा, प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारा की लॉगच्या घरात काम केलं आहे का.

आता ‘स्वतःच्या हातांनी’ याबद्दल. ओंडक्यांचं काम शिकता येतं, आणि ते शिकण्यासारखं आहेच. ॲलन मॅकी यांनी इथल्या प्रिन्स जॉर्ज शहरात ही विद्या शिकवणारी शाळा काढली होती, आणि या प्रांतात ही कला आजही जिवंत आहे. वरचा ओंडका खालच्यावर ठेवायचा, दोन टोकांचं स्क्राइबर घेऊन खालच्या ओंडक्याचा प्रत्येक उंचवटा वरच्यावर रेघेने उतरवायचा, मग वरचा उलटा करून त्या रेघेपर्यंत चेनसॉने खोबण कोरायची. स्क्राइबर सरळ आहे का ते दाखवणाऱ्या पाण्याच्या बुडबुड्याकडे क्षणभर दुर्लक्ष झालं की रेघ सरकते आणि फट राहते. एकेका ओंडक्याला असं करायचं. डग्लस फर झाडाचा चाळीस फूट लांब, चौदा इंच जाड ओला ओंडका पाऊण टनाच्या आसपास भरतो. तो हाताने उचलायचा नसतो, त्याला क्रेन लागते.

माझा सल्ला असा की ओंडक्यांचं कवच, ज्याला इथे शेल म्हणतात, ते मुरलेल्या बिल्डरकडून करून घ्या. तो स्वतःच्या यार्डात भिंती पूर्ण रचतो, प्रत्येक ओंडक्यावर क्रमांक घालतो, घर सुटं करतो आणि ट्रकवरून तुमच्या जागेवर आणून क्रेनने दोन-तीन दिवसांत पुन्हा उभं करतो. तुम्हाला हात लावायचाच असेल तर त्याच यार्डात जाऊन साल सोला. दोन मुठींचा सुरा स्वतःकडे ओढत चाळीस फूट सोललेत की तुमचं लाकूड तुम्हाला कळेल. हिवाळ्यात तोडलेल्या झाडाची साल चिवट असते, पण लाकडावर बुरशी कमी धरते. वसंतातल्या झाडाची साल केळीसारखी निघते, आणि लाकूड मात्र लवकर काळं पडतं. हिवाळी तोडच मागा. एक हिशेब मात्र नीट ध्यानात घ्या. शेल म्हणजे घर नव्हे. एकूण खर्चात त्याचा वाटा साधारण तिसरा-चौथा हिस्सा. पाया, छप्पर, विहीर, सेप्टिक, वीज, रस्ता हा सगळा खर्च त्याच्यावर वेगळा. शेल स्वस्त पडलं म्हणून हुरळून जाऊ नका.

लाकूड कुठलं हे विचारलं होतंत. डग्लस फर मजबूत, सीडर टिकाऊ आणि महाग, स्प्रूस सरळसोट. नव्वदच्या दशकाच्या अखेरपासून या भागातली पाइनची जंगलं भुंग्याने खाल्ली. उभ्या उभ्या वाळलेल्या त्या झाडांची घरं पुष्कळ आहेत. त्यांत निळसर झाक दिसते, ती बुरशीची, तिने ताकद फारशी जात नाही. वाळलेलं लाकूड बसतंही कमी. पण फार वर्षं उभं राहिलेलं झाड पिळाने फाटलेलं असतं, तेव्हा एकेक ओंडका बघून घ्या.

माझं माहेर राजापूरचं, म्हणून छपराबद्दल जरा हट्टाने सांगते. आपल्या कोकणातल्या घराला उंच जोतं आणि खोल पाखं का असायचं? भिंतीला पागोळ्यांचा थेंब लागू नये म्हणून. इथेही तेच. खालचा ओंडका जमिनीपासून किमान दीड फूट वर, आणि छप्पर भिंतीच्या चार फूट बाहेर. ओंडक्याला तडे जाणारच, हिवाळ्यात रात्री बंदुकीच्या बारासारखा आवाज येतो, त्याला घाबरायचं नाही. पण वरच्या बाजूला तोंड असलेल्या तड्यात पाणी साठलं की तिथून कूज सुरू होते. छपराने भिंत कोरडी ठेवली तर अर्धी चिंता मिटते. खर्च कमी करायला आर्किटेक्ट पाखं आखूड करायला सांगेल, ऐकू नका.

कागदांचं थोडक्यात. स्वतःचं घर स्वतः बांधणाऱ्याला बीसी हाउसिंग या प्रांताच्या गृहनिर्माण संस्थेकडून ओनर बिल्डर ऑथरायझेशन, म्हणजे तशी परवानगी, घ्यावी लागते, आणि जुलै 2016पासून त्यासाठी परीक्षा आहे. घर स्वतःसाठीच हवं, पहिलं वर्ष ते विकता किंवा भाड्याने देता येत नाही, आणि पुढे विकलंत तर दहा वर्षांपर्यंत दोषांची जबाबदारी तुमच्यावर राहते. परदेशी नागरिकांवरची कॅनडाच्या केंद्र सरकारची घरखरेदी बंदी 1 जानेवारी 2027पर्यंत आहे, पीआर असलेल्याला ती लागू नाही. जागा ॲग्रिकल्चरल लँड रिझर्व्हमध्ये, म्हणजे शेतीसाठी राखलेल्या जमिनीत, आहे का ते आधी तपासा, तिथे शेतजमिनीचे वेगळे नियम आहेत. मे 2023पासून नव्या घरांना ऊर्जाबचतीचे नियम कडक झाले आहेत. गोल ओंडक्याच्या भिंतीला ते सहज जमत नाहीत, म्हणून शेलची ऑर्डर देण्याआधीच एनर्जी ॲडव्हायझरला, म्हणजे हे नियम तपासणाऱ्या तज्ज्ञाला, नकाशा दाखवा. फ्लॅटचे पैसे: तुम्ही अनिवासी झाल्यावर ते अनिवासी भारतीयांच्या एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. खरेदीदार मात्र टीडीएस जास्त कापतो, तेव्हा निघण्याआधी विकायचं की नंतर हे सीएबरोबर बसून ठरवा.

आणि विमा. हे मी कुणालाही सांगायचं सोडत नाही. 9 जुलै 2017ला वणव्यामुळे हंड्रेड माइल हाउस रिकामं करण्याचा आदेश निघाला. पुढच्या शनिवारी जवळचं विल्यम्स लेक शहरही रिकामं केलं. जाड ओंडका सावकाश जळतो हे खरं. पण घर पेटतं ते छपरावर, छपराच्या पन्हळीत आणि डेकखाली पडलेल्या ठिणग्यांनी. छप्पर पत्र्याचं करा, घराभोवतीची झाडं विरळ करा, सरपण भिंतीला लावून रचू नका. फायर हॉल, म्हणजे अग्निशमन केंद्र, किती लांब आहे यावर विमा मिळतो की नाही ते ठरतं, आणि वणवा जवळ आल्यावर नवी पॉलिसी कुणी देत नाही. म्हणून जागेचा सौदा करण्याआधी विम्याचा भाव मागवा. बँकेलाही तेव्हाच भेटा, कारण बांधकामाचं कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं आणि पहिला टप्पा तुमच्या खिशातूनच जातो.

तर क्रम असा ठेवा. या, भाड्याने घर घ्या आणि एक हिवाळा काढा. उणे तीसची सकाळ, बर्फाने भरलेला रस्ता, चारला होणारा अंधार तुमच्या बायकोने आणि मुलीने बघू दे, कारण त्यांनाही तिथे राहायचं आहे. जागा फेब्रुवारीत बघा, म्हणजे रस्ता कोण साफ करतं ते कळेल. पुन्हा एप्रिलमध्ये बघा, बर्फ वितळल्यावर पाणी कुठे तुंबतं ते दिसेल. दुसऱ्या हिवाळ्यात झाडं तोडली जाऊ देत, तिसऱ्या उन्हाळ्यात भिंती, आणि बर्फ पडायच्या आत छप्पर.

आलात की आधी जवळच्या 108 माइल रँच या वस्तीतलं घोड्यांचं जुनं कोठार बघून घ्या. 1908 साली ओंडक्यांचंच बांधलेलं आहे, आजही उभं आहे. मग आमच्याकडे जेवायला या. दारावरची फळी काढून फट दाखवते.