सोसायटीच्या ग्रुपवर अफवा टाकली गेली, आता पोलीस स्टेशनचं बोलावणं आलंय

ताई, आधी एकच काम करा, फोनमधलं आता काहीही डिलीट करू नका. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. रात्री तुमच्या बिल्डिंगखाली पोलिसांची गाडी आली, दोघांना घेऊन गेली, कशासाठी ते कुणालाच माहीत नाही. तेवढ्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर 'मुलं पळवणारी टोळी आलीय' असा ऑडिओ आला. दुपारी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या दोन बायका सोसायटीत येऊन गेल्या होत्या आणि त्यांचा फोटो कुणीतरी काढून ठेवला होता. तुम्ही ग्रुपच्या ॲडमिन, तुम्ही ऑडिओ आणि फोटो दोन्ही ग्रुपवर टाकलं आणि खाली टाइप केलं, 'पोलीस यांच्यासाठीच आलेत, मुलांना खाली सोडू नका'. सकाळी त्याच बायकांना पुढच्या चौकात लोकांनी घेरलं, धक्काबुक्की झाली, ट्रॅफिक हवालदार मध्ये पडला म्हणून वाचल्या. नंतर कळलं की पोलीस चेक बाउन्सच्या केसमधलं वॉरंट घेऊन आले होते. तुम्ही घाबरून मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' केला, आणि आता व्हॉट्सॲपवर नोटिशीची पीडीएफ आलीय. मिस्टर म्हणतायत फोन बंद कर आणि गावी जा.

गावी जाऊ नका. पळून गेलेला माणूस कोर्टाला आवडत नाही, आणि ज्याला फारसं काही झालं नसतं त्यालाही पळाल्यामुळे अटक होऊ शकते.

आता तुमचा मुख्य प्रश्न, 'मी तर फक्त फॉरवर्ड केलं, माझा हेतू चांगला होता, गुन्हा कसा?' भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ बघा, १ जुलै २०२४ पासून लागू आहे, आधी हेच आयपीसीत ५०५ होतं. लोकांमध्ये घबराट पसरेल आणि त्यातून सार्वजनिक शांतता बिघडवणारे गुन्हे घडतील अशी खोटी माहिती किंवा अफवा पसरवली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा दंड किंवा दोन्ही. मोबाइलवरून पसरवलेलीही त्यात आली, आणि नुसतं बनवणाराच नाही तर फिरवणाराही त्यात येतो. पण याच कलमात एक अपवाद आहे आणि तुमची सगळी केस त्या अपवादावर उभी राहणार आहे: माहिती खरी आहे असं मानायला तुमच्याकडे वाजवी कारण होतं, तुम्ही ती सद्भावनेनं पाठवली, तसला वाईट हेतू नव्हता, तर गुन्हा नाही. आता गंमत अशी की कायद्यात सद्भावना म्हणजे नुसतं मन साफ असणं नाही, पुरेशी काळजी घेऊन केलेलं कामच सद्भावनेचं धरतात. म्हणजे तपास अधिकारी विचारणार की पाठवायच्या आधी खात्री करायला तुम्ही काय केलं? वॉचमनला विचारलं? ११२ ला फोन केला? ऑडिओवर दोन बाणांची 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' अशी खूण होती का? ती खूण असेल तर ही क्लिप लांबून, बऱ्याच हातांतून फिरत आलीय हे तुम्हाला स्क्रीनवरच दिसत होतं.

आणि स्पष्ट सांगतो, राग मानू नका, तुम्ही 'फक्त फॉरवर्ड' नाही केलंय. पोलिसांची गाडी खरी होती, बायकांचा फोटोही खरा होता, ऑडिओ मात्र कुठला कधीचा देव जाणे, आणि या तिघांना एकत्र बांधणारं वाक्य तुमच्या हातचं आहे. गाडी डोळ्यांनी दिसली की ती का आली तेही आपल्याला कळलं असं वाटतं, अशा रात्री अफवा पिकतात त्या यामुळेच. सगळे तुमचं ते एक वाक्यच धरून बसतील, म्हणून त्याच्यावर नीट विचार करून जा.

पोलीस आपल्या घाबरण्याचं उगाच मोठं करतायत असंही तुम्ही लिहिलंय. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना याच मुलं पळवण्याच्या अफवेवरून जमावानं ठेचून मारलं, भिक्षा मागत फिरणारी माणसं ती. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेले, तेही अफवांच्या दिवसांत, आणि तिथे तर पोलीस हजर होते. राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ ला सुप्रीम कोर्टानं झुंडबळींवर जो निकाल दिला त्यात असे मेसेज पसरवणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितलंय. त्यामुळे तुमच्या चौकातला प्रकार पोलीस धक्काबुक्की म्हणून सोडून देतील असं धरून चालू नका. त्या दोघींनी फोटोवरून बदनामीची तक्रार केली तर कलम ३५६ आहेच, ते वेगळं.

ॲडमिन म्हणून भीती वाटतेय ती मात्र सोडा. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की दुसऱ्या मेंबरनं टाकलेल्या पोस्टसाठी ॲडमिनला, दोघांचा संगनमतानं ठरलेला इरादा असल्याशिवाय, जबाबदार धरता येत नाही. तुम्हाला याचा उपयोग एवढाच की त्या पोस्टखाली इतरांनी 'दिसल्या की धरा' वगैरे जे लिहिलं ते तुमच्या अंगाला चिकटणार नाही. तुमची स्वतःची पोस्ट ती तुमचीच.

आता नोटीस. पीडीएफवर कलम कुठलं आहे ते आधी बघा, कारण त्यावर सगळं ठरतं. बीएनएसएस म्हणजे नवीन नागरिक सुरक्षा संहितेचं १६८ असेल तर ती 'पुन्हा असं करू नका' छापाची प्रतिबंधक नोटीस आहे, पोलीस सणासुदीला ग्रुप ॲडमिनना वाटतात तसली, घाबरायचं कारण नाही. १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय, आणि बाईला त्यासाठी राहत्या घराऐवजी दुसरीकडे यायला भाग पाडता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. ३५(३) असेल तर तुमच्यावर संशय आहे, मग मात्र जायचंच. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय की ही ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती बजावली असं धरता येत नाही, पण हा मुद्दा वकिलानं कोर्टात मांडायचा असतो, तुम्ही ठाणे अंमलदारासमोर नाही. आणि हो, आधी स्टेशनच्या लँडलाइनवर फोन करून नोटीस खरंच त्यांचीच आहे ना ते विचारा, हल्ली असल्या पीडीएफ पाठवून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करणारे भामटे काय कमी नाहीत. कुणी ६६अ लावतो म्हणालं तर तो एकतर भामटा किंवा जुनं पुस्तक वाचलेला, आयटी ॲक्टचं ते कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ लाच रद्द केलंय.

अटक होईल का? ३५३ अजामीनपात्र आहे, ते ऐकून लोकांचे पाय लटपटतात, पण त्याचा अर्थ जामीन मिळत नाही असा नसून तो देणं न देणं कोर्टाच्या हातात आहे असा आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही हे २०१४ पासून ठरलेलं आहे, आणि ३५(३) च्या नोटिशीप्रमाणे तुम्ही हजर राहत गेलात तर अटक करायला पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, मॅजिस्ट्रेटची परवानगी आणि महिला अधिकारी लागते. तरी चौकातल्या प्रकाराचा एफआयआर झालाय का आणि त्यात तुमचं नाव आहे का ते वकिलाकडून काढून घ्या, असेल तर सेशन कोर्टात बीएनएसएसच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवा.

डिलीट केलेल्या मेसेजबद्दल खोटं बोलू नका. स्क्रीनशॉट निम्म्या सोसायटीकडे असणार. नोटिशीच्या आधी घाबरून काढला हे सांगता येतं, पण नोटीस आल्यावर चॅट साफ केली, फोन रिसेट केला तर पुरावा नष्ट केल्याचं न्याय संहितेचं कलम २४१ नव्यानं मागे लागेल, अफवेपेक्षा ते पचवणं अवघड. ग्रुप बंद करायचीही गरज नाही, 'फक्त ॲडमिन मेसेज करतील' हे सेटिंग लावा आणि वकिलाला दाखवून आजच असं काहीतरी टाका: 'परवा रात्री मी इथे टाकलेला ऑडिओ आणि फोटो यांचा पोलीस येण्याशी संबंध नाही. त्या महिलांचा फोटो कुणीही पुढे पाठवू नये. काही शंका आल्यास ११२ वर कळवावे.' एवढंच, यात सफाई नको, रडगाणं नको, कुणाला दोष नको. ज्या नातेवाइकांच्या ग्रुपवरून क्लिप आली तिथेही हेच टाका.

त्या बायकांना भेटून माफी मागायची इच्छा आहे असं लिहिलंय. मला ते बरोबर वाटतं, पण आत्ता एकट्या जाऊन पैसे वगैरे देऊ नका, साक्षीदार फोडायला गेल्या असं चित्र उभं राहतं. जबाब झाल्यावर वकिलाला सोबत घेऊन तपास अधिकाऱ्यांना सांगून जा.

जाताना नोटिशीची प्रिंट, आधार आणि क्लिप मूळ ज्या ग्रुपवर आली त्याचा वेळेसकट स्क्रीनशॉट न्या. फोन जमा करून घेतला तर पंचनाम्यात आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लिहिलाय का बघा आणि प्रत मागा. तपासातल्या जबाबावर सही करायची नसते, कुणी मागितली तर वकिलाला फोन लावा. आणि निघताना हजर राहिल्याची पोच घेतल्याशिवाय निघू नका.