माइक चालू असताना शिवी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी फोन-इन, म्हणजे श्रोते फोन करून बोलतात अशा रेडिओ कार्यक्रमांवर लिहिताना मी एका ओळीत सांगून गेले होते की लाइव्ह चालू असताना एका श्रोत्याच्या तोंडून शिवी गेली आणि मला ती कापावी लागली. बाकीचा लेख राहिला बाजूला, सगळे प्रश्न त्या एका ओळीवरच आले. वीसेक वर्षं काचेच्या अलीकडे प्रोड्युसरच्या खुर्चीत काढलीयेत, त्यामुळे विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, सावकाश घेते एकेक.

वेब सिरीजमध्ये दर दोन मिनिटांनी शिवी असते, पॉडकास्टवर तर विचारूच नका. मग रेडिओलाच एवढं सोवळं का?

तुम्ही सिरीज लावता तेव्हा नाव वाचून, वयाचा आकडा बघून, स्वतःच्या हाताने लावता. पॉडकास्टचंही तेच. रेडिओ आधीपासून चालूच असतो, कोणीतरी दुसऱ्यानेच लावलेला असतो, गाडीत, दुकानात, स्वयंपाकघरात, आणि माणूस मधूनच त्याच्या टप्प्यात येतो. सुरुवातीला दिलेली सूचना त्याने ऐकलेलीच नसते. माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे, शब्द किती घाण आहे हा नंतरचा प्रश्न.

अमेरिकेतली एक केस यासाठी नेहमी सांगितली जाते. ३० ऑक्टोबर १९७३, दुपारी दोनच्या सुमारास न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय स्टेशनने जॉर्ज कार्लिन या विनोदी कलाकाराचं रेकॉर्डिंग लावलं, ज्यात तो 'हवेत म्हणता न येणारे' शब्द एकामागून एक घेऊन त्यांच्यावर बोलत होता. स्टेशनने आधी सूचना दिली होती बरं का. पण एका माणसाने गाडी चालवताना ते ऐकलं, सोबत त्याचा मुलगा होता, आणि त्याने एफसीसीकडे, म्हणजे तिथल्या प्रसारण नियामकाकडे तक्रार केली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल एफसीसीच्या बाजूने लागला. कोर्टाने दोन गोष्टी धरल्या, प्रसारण माणसाच्या घरात थेट शिरतं आणि लहान मुलांच्या कानावर ते सहज पडतं. हे शब्द कायमचे बंद, असं मात्र कोर्ट म्हणालं नाही, वेळ आणि संदर्भ बघायचा असं म्हणालं. म्हणून तिथे आजही सकाळी ६ ते रात्री १० असभ्य भाषा चालत नाही, रात्री १० नंतर सूट आहे, आणि कायद्याच्या भाषेत जे अश्लील ठरतं ते मात्र चोवीस तास बंद.

आणि हे सगळं फक्त हवेतून जाणाऱ्या प्रसारणाला. पैसे भरून घ्यायच्या सॅटेलाइट रेडिओला हा नियम नाही. बेधडक बोलण्यासाठी गाजलेला तिथला रेडिओ निवेदक हॉवर्ड स्टर्न २००६ च्या जानेवारीत साध्या रेडिओवरून सॅटेलाइटवर गेला. माणूस तोच, तोंडही तेच, ऐकणारा मात्र आता स्वतः पैसे भरून येणारा.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खाजगी एफएमला परवाना मिळतो तो आकाशवाणीची कार्यक्रम आणि जाहिरात संहिता पाळायच्या अटीवर. लहरी सगळ्यांच्या आहेत तर वापरताना सगळ्यांचं भान ठेवा, एवढी साधी अपेक्षा आहे ती, मला तरी त्यात काही जाचक वाटत नाही.

कॉलेजच्या रेडिओवर लाइव्ह मुलाखत घेत होतो, पाहुणे तावात आले आणि सरळ आईवरून शिवी दिली. मी गप्पच झालो, पाच सेकंद नुसती शांतता. काय करायला हवं होतं?

पहिलं म्हणजे घाबरू नका, हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं.

मोठ्या स्टेशनवर यासाठी डिले असतो. स्टुडिओतला आवाज काही सेकंद मशीनमध्ये धरून ठेवतात आणि मग हवेत सोडतात. सात-आठ सेकंद धरा. शिवी आली की डम्प बटन दाबायचं, साठलेले ते सेकंद फेकले जातात आणि प्रसारण उडी मारून थेट आत्ताच्या क्षणावर येतं. त्यानंतर मशीन बोलणं अगदी किंचित ताणून, ऐकणाऱ्याला कळणारही नाही इतकं हळू चालवून, तो डिले पुन्हा साठवतं. ते साठेपर्यंत तुम्ही उघड्यावर असता, म्हणून पहिल्या शिवीनंतर लगेच दुसरी आली तर खरी पंचाईत. फोन करणाऱ्याला 'आधी तुमचा रेडिओ बंद करा' सांगतात तेही यामुळेच, नाहीतर त्याला स्वतःचाच आवाज सात सेकंदांनी ऐकू येतो आणि तो गोंधळून अडखळायला लागतो.

मागच्या वेळचा प्रसंग आता पूर्ण सांगते. विषय होता म्हातारपणी आईवडिलांना कोण सांभाळतं. एक गृहस्थ बोलत होते, आवाज अगदी बारीक, वाक्य अर्धवट सोडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून धरायचे. भावाचा विषय निघाला आणि आवाज एकदम चढला, शिवी येणार हे मला शब्दाच्या आधी श्वासावरून कळलं, हात बटनावर गेला. दाबलं. हवेत गेलं ते फक्त 'माझा भाऊ' आणि पुढे आमच्या निवेदिकेचं 'काका, तुमचा राग समजतोय मला, पण मुलंही ऐकत असतील, जरा शब्द जपून बोलूया'. तिने फोन कापला नाही. काका पुढे चार मिनिटं बोलले आणि त्या दिवसातली सगळ्यात खरी चार मिनिटं तीच होती. शिवी कापली, माणूस ठेवला, आणि मला वाटतं करायचं ते हेच.

तुमच्याकडे डिले नसेल तर पाहुण्याच्या माइकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली घ्या, तुमचा वर ठेवा, एका वाक्यात माफी मागा, 'तुमच्या कानावर आत्ता जे पडलं त्याबद्दल क्षमस्व', आणि विषयावर या. शिवीचा पुन्हा उल्लेख करू नका, हसू तर अजिबात नका. आणि पुढच्या वेळी माइक उघडायच्या आधी पाहुण्यांना तोंडी सांगा की हे लाइव्ह आहे. अर्ध्या शिव्या तिथेच थांबतात, खरंच.

'च्यायला', 'आयला', 'साला', 'भेंडी' या शिव्या धरायच्या का? घरात तर सगळेच बोलतात.

हा प्रश्न मला फार आवडला कारण याला यादीने उत्तर देता येत नाही. 'च्यायला' मध्ये 'तुझ्या आईला' दडलेलंय, पण बोलणाऱ्याच्या मनात आई नसते, नुसतं आश्चर्य किंवा वैताग असतो. 'भेंडी' हे तर मूळची शिवी टाळायलाच काढलेलं रूप, भाजीचं नाव पुढे करून. शब्द असे झिजत जातात. 'साला' बायकोच्या भावाला म्हणतात तेव्हा नातं आणि चौकात म्हणतात तेव्हा शिवी. मी संध्याकाळच्या गप्पांमध्ये एखादं 'च्यायला' सोडून द्यायचे, तेच सकाळच्या वेळेत, मुलं शाळेला निघालेली असताना, निवेदकाला खुणेने थांबवायचे. तोच शब्द समोरच्या पाहुण्याला उद्देशून आला तर कुठल्याच वेळी नाही, कारण मग तो उद्गार राहत नाही, माणसावर फेकलेला दगड होतो.

पण मला जास्त काळजी दुसऱ्या शब्दांची वाटते. कुणाची जात, रंग, अपंगत्व, पायातली चप्पल असल्यासारखं वापरणारे शब्द. ते बीपच्या यादीत नसतात आणि निवेदक ते हसत हसत बोलून जातात. ब्रिटनच्या ऑफकॉमने, म्हणजे तिथल्या प्रसारण नियामकाने, २०१६ मध्ये प्रेक्षक-श्रोत्यांची मतं घेतली त्यातही लोकांना वंशावरून आणि माणसाच्या ओळखीवरून हिणवणारे शब्द सगळ्यात जास्त खटकतात असंच निघालं. आईवरच्या शिवीने कान लाल होतात, पण जातीवरून बोललेला शब्द ऐकणारा माणूस तो शब्द घेऊन घरी जातो. माझ्या शिफ्टला मी असल्या शब्दाला डम्प बटन दाबलंय आणि वरच्यांशी भांडलेही आहे, पुन्हाही भांडेन.

गाण्यात शिवी असेल तर बीप चांगला की नुसता आवाज गाळणं? बीप केला तरी कळतंच की!

कळतं, आणि त्याला कारण आहे. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने एका वाक्यातला एक ध्वनी कापून तिथे खोकला टाकला, ऐकणाऱ्यांना शब्द अख्खा ऐकू आला, काही गाळलंय हेच लक्षात आलं नाही. त्या जागी शांतता ठेवली की मात्र खाच लगेच जाणवली. म्हणजे आवाजाने झाकलेलं मेंदू स्वतः भरून काढतो. शब्दाच्या मधल्या अक्षरावरच बीप टाकून पहिलं अक्षर उघडं ठेवलं की ऐकणारा शिवी स्वतःच पूर्ण करतो, उलट तिच्याकडे जास्त लक्ष जातं. झाकायचं तर अख्खा शब्द झाका, आणि तो हजार हर्ट्झचा बीप बोलण्यापेक्षा हळू ठेवा, हेडफोनवाल्यांचे कान फुटतात हो.

गाण्यासाठी बीप मला कधीच पटला नाही, चालीचा सत्यानाश होतो. फक्त गायकाचा ट्रॅक तेवढ्यापुरता बंद आणि खाली वाद्यं चालू, हे सगळ्यात स्वच्छ. कंपनीकडून रेडिओ एडिट, म्हणजे शिव्या काढलेली आवृत्ती, येतेच बहुतेक वेळा, ती मागा. आणि दर ओळीला गाळावं लागत असेल तर ते गाणं रेडिओचं नाहीच, दुसरं लावा.

मी कामगारांच्या आठवणींवर डॉक्युमेंटरी करतेय. एक आजोबा अपघाताचं सांगताना शिव्या देतात, त्या काढल्या तर सगळं मिळमिळीत होतं. ठेवू का?

ताई, आधी त्यांना विचारा. आजोबांना आपला तो आवाज नातवंडांनी ऐकलेला चालणार आहे का? अनेकदा माणूस म्हणतो 'तेवढं काढ गं', आणि मग प्रश्नच मिटतो.

चालणार असेल तर एक शिवी ठेवावी असं माझं मत, जिथे वेदना सगळ्यात वर आहे तिथली, आणि बाकीच्या काढाव्यात. दहा ठेवल्या तर ऐकणारा शिव्या मोजतो, एक ठेवली तर अपघात ऐकतो. पण हे रात्रीच्या स्लॉटला, आधी स्पष्ट सूचना देऊन आणि स्टेशनची लेखी परवानगी हातात घेऊन. ब्रिटनमध्ये टीव्हीला रात्री नऊची रेषा आहे, मुलांना न चालणारं त्याआधी दाखवत नाहीत, रेडिओला तशी घड्याळाची रेषा नाही, तिथे मुलं ऐकत असण्याची शक्यता कधी जास्त आहे हे बघतात, म्हणजे सकाळचा नाश्ता, शाळेला जाण्यायेण्याची वेळ, सुट्टीचे दिवस. हा निकष मला घड्याळापेक्षा शहाणा वाटतो, तुम्हीही तोच लावा. दिवसा पुन्हा लागणार असेल तर वेगळी आवृत्ती आत्ताच कापून ठेवा, आयत्या वेळी कोणी कापत नाही.

माइक बंद आहे समजून मी शिवी दिली आणि ती गेली हवेत. आठवडा झाला, झोप लागत नाहीये. माझं करिअर संपलं का?

नाही संपलं. २०१० च्या डिसेंबरमध्ये बीबीसीच्या सकाळच्या प्रमुख बातमी कार्यक्रमात जेम्स नॉटी या अनुभवी निवेदकाची एका मंत्र्याचं नाव घेताना जीभ घसरली, आडनावाचं पहिलं अक्षर बदललं आणि इंग्रजीतली सगळ्यात जड शिवी झाली. त्याच दिवशी दुसऱ्या कार्यक्रमात अँड्र्यू मार त्यावर बोलायला गेला आणि त्याच्याही तोंडून तेच गेलं! दोघांनी माफी मागितली, दोघं पुढे कित्येक वर्षं काम करत राहिले. श्रोत्यांना चूक आणि उद्दामपणा यातला फरक बरोबर कळतो.

सवय मात्र बदला. लाल दिवा असो नसो, माइक समोर आहे म्हणजे चालू आहे असंच धरायचं. १९८४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन रेडिओ भाषणाआधी माइक तपासताना गमतीत म्हणाले की रशियावर पाच मिनिटांत बॉम्बफेक सुरू होतेय. ते प्रसारित झालं नव्हतं तरी बाहेर फुटलंच आणि जगभर गेलं. आणि हो, काय झालं ते स्टेशन मॅनेजरला स्वतःहून जाऊन सांगा, त्यांना तक्रारीतून कळण्याआधी.

माझ्या सहा वर्षांच्या मुलाने सकाळच्या शोमधली शिवी उचलली. तक्रार केली तर कोणी ऐकतं का?

ऐकतात, पण नेमकी लिहिलेली. 'तुमच्या शोमध्ये घाणेरडं बोलतात' एवढ्याने कोणी काही शोधू शकत नाही. तारीख, मिनिटासकट वेळ, कार्यक्रम, कोण बोललं, आणि तुमच्यासोबत कोण ऐकत होतं, एवढं लिहा आणि आधी स्टेशनलाच पाठवा, लवकर, कारण रेकॉर्डिंग कायम ठेवलेलं नसतं. उत्तर आलं नाही तर मग परवाना देणाऱ्या खात्याकडे. आणि शब्द लिहिताना फुल्या टाकू नका, जसाच्या तसा लिहा. तक्रार वाचणाऱ्याला रेकॉर्डिंगमध्ये तोच शब्द शोधायचा असतो.