लुक्लाला जाणारं पंख्याचं विमान

प्रश्न: एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक बुक केलाय, पण ट्रेक जिथून सुरू होतो त्या नेपाळमधल्या लुक्लाला पंखेवालं छोटं विमान जातं म्हणे. आई घाबरलीये. इतक्या जुन्या टाइपचं विमान का, जेट का नाही?

उत्तर: अहो, पंखा दिसला म्हणजे इंजिन जुनाट असं नसतं. लुक्लाला जाणारं ट्विन ऑटर विमान काय किंवा तसली इतर विमानं काय, आत टर्बाइनच (गरम वायूच्या झोताने फिरणारं चाक) असतं जेटसारखं, फक्त त्याची बहुतेक ताकद पंखा फिरवण्यात जाते आणि कमी स्पीडला, छोट्या रनवेवर हेच भारी पडतं. लुक्लाचा रनवे जेमतेम ५२७ मीटर, तोही जवळपास १२ टक्के चढाचा, एका टोकाला डोंगर नि दुसऱ्या टोकाला सरळ दरी, तिथे जेट उतरवणार कुठे? उतरताना चढावर उतरतात आणि चाकं टेकली की पायलट पंख्याच्या पात्यांचा कोन उलटा करतो, मग पंखाच विमानाला मागे रेटतो. त्या वेळी जो घर्रर्र आवाज येतो ना, तो ब्रेक लागल्याचा, आईंना आधीच सांगून ठेवा!

ट्विन ऑटर पहिल्यांदा उडालं १९६५ ला, कॅनडाचं, १९ सीटचं. केबिन प्रेशराइज्ड नसते, म्हणजे आत हवेचा दाब राखलेला नसतो, त्यामुळे कानांना दडे बसतात, गोड गोळी चघळा. खरी भीती हवामानाची आहे, दुपारी ढग नि वारा वाढतो म्हणून फ्लाइट्स सकाळी लवकर असतात आणि कॅन्सलही होतात, तेव्हा परतीच्या तिकिटाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवाच. जाताना डावीकडची सीट पकडा, हिमशिखरं तिकडूनच दिसतात.