पाने चिकटली, पांढरी मुळी थांबली

प्रश्न : मिरज तालुक्यात 10 गुंठे शेडनेटमध्ये ढोबळी मिरची आहे. पांढरी माशी वाढली, पाने चिकट झाली आणि पांढरी मुळीही (अन्न-पाणी शोषणारी नवी तंतुमुळे) चालेना. लागणीवेळी दिलेले ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशी), सुडोमोनास (उपयुक्त जिवाणू) वाया गेले का? पुन्हा आळवणी (मुळाशी द्रावण ओतणे) करू का?

उत्तर : लगेच आळवणी नको. पानात तयार झालेल्या साखरेचा काही वाटा झाड मुळांवाटे मातीत सोडते, त्यावरच मुळांभोवतीचे जिवाणू पोसतात. माशीने पानात सोंड खुपसली की इशारा खाली मुळांपर्यंत जातो आणि हा पाझर बदलतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या कोरियातील अभ्यासात माशी लागलेल्या मिरचीच्या मुळांभोवती ग्रॅम-पॉझिटिव्ह गटातले जिवाणू आणि बुरशी वाढल्या, शिवाय जिवाणूजन्य मर रोगाला झाडे सहज बळी पडली नाहीत. म्हणून माशी पोसायची असे मात्र मुळीच नाही! तीच चुरडा-मुरड्याचा विषाणू पसरवते. संख्या वाढली की साखर तिच्याच पोटात जाते, तिने पानावर टाकलेल्या चिकट्यावर काजळी (काळी बुरशी) चढून पानाला ऊन मिळत नाही आणि मुळी उपाशी राहते. तुमच्याकडे बहुधा हेच झाले आहे.

तरी आधी खात्री करा. वाफशावर (माती ओलसर पण चिकट नसताना) एका रोपाशेजारी खुरप्याने 10 सेंमी उकरा. तंतुमुळे थोडी पण पांढरी, टणक असतील तर दोष माशीचा. तपकिरी असून चिमटीत साल निसटत असेल तर ती मूळकुज; गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी). कृष्णाकाठच्या भारी काळ्या रानात ठिबक जास्त चालले की बेडमध्ये हवा कोंडते, तिथे कितीही जिवाणू सोडले तरी टिकत नाहीत.

माशीसाठी 8-10 पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर लावा. संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालून बसेल असा फवारा. युरिया थांबवा, कोवळी लूस पाने माशीला फार आवडतात.

माशी आटोक्यात आल्यावर 25 किलो कुजलेल्या शेणखतात 600 ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळा, ओलसर गोणपाटाखाली सावलीत 8 दिवस ठेवा, मध्ये एकदा ढीग उलटा करा आणि मुळाशी टाका. सुडोमोनास लिटरला 5 ग्रॅम, झाडाला 100 मिली, तेही ऊन उतरल्यावर. सगळ्यात जास्त नुकसान इथे होते : त्याच आठवड्यात कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकांची आळवणी केली जाते. पहिले सुडोमोनासला मारते, दुसरे ट्रायकोडर्माला. मध्ये 10 ते 12 दिवस जाऊ द्या. पंधरवड्याने त्याच जागी पुन्हा उकरून पाहा.