आधी केंद्रक कुठे आहे ते बघ

दांडिया बाजार, बडोदा
वैशाख वद्य

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे आलेख काल रात्री जेवणं उरकल्यावर नीट पाहिले. २८ अंशांच्या टाक्यांतल्या शिंगी माशाच्या माद्यांमध्ये अ‍ॅरोमॅटेजचं जनुक, म्हणजे तुझं सीवायपी१९ए१ए, जोरात चालू आहे आणि ३४ अंशांच्या टाक्यांत ते पाव हिश्शावर आलंय. रक्तातलं इस्ट्रॅडिओल, म्हणजे अ‍ॅरोमॅटेज बनवतं ते मादीचं संप्रेरक, तेही तसंच उतरलंय. खाली तू लिहिलंस, ‘तापमानवाढीमुळे मादीचं प्रजनन दबतं.’ शिंगीचे काटे बोटांत घुसवून घेत मिळवलेला आकडा आहे, तो कधी एकदा लिहून टाकते असं तुला झालं असणार. तरीही हे वाक्य आत्ता लिहू नकोस.

उतरलेलं अ‍ॅरोमॅटेज दोन अगदी उलट गोष्टी सांगत असू शकतं. एक तर काम बंद पडलं, नाहीतर काम पुरं झालं.

साखळी तुला पाठ आहे, पण या प्रश्नासाठी ती पुन्हा सावकाश म्हण. मेंदूतून जीएनआरएच हे संप्रेरक सुटतं, त्याने मेंदूखालची पियुषिका ग्रंथी एफएसएच हे दुसरं संप्रेरक सोडते. अंड्याभोवतीच्या पेशींच्या बाहेरच्या थरात टेस्टोस्टेरॉन तयार होतं, आतल्या थरातलं अ‍ॅरोमॅटेज त्याचं इस्ट्रॅडिओल करतं. ते रक्तावाटे यकृतात जातं आणि यकृत व्हिटेलोजेनिन बनवून परत अंड्याकडे पाठवतं. त्याचाच बलक होतो. म्हणजे बलक भरला जातोय तोवरच अ‍ॅरोमॅटेजला काम. अंडं भरलं की पियुषिकेचंच एलएच हे संप्रेरक चढतं आणि त्याच पेशी इस्ट्रॅडिओल सोडून अंडं पक्व करणारं प्रोजेस्टिन करायला लागतात. नागाहामा आणि अदाची यांनी १९८५ साली जपानमधल्या अमागो सामनमध्ये हे पक्वतेचं संप्रेरक ओळखलं. या वळणावर अ‍ॅरोमॅटेज पडतंच. मासा कितीही सुखात असला तरी पडतं.

आपल्याकडच्या बाजाराचंच बघ ना. जूनमध्ये रोहूच्या पोटात गाभोळी ठासून भरलेली असते. गणपतीनंतर तोच मासा आणला तर पोट मोकळं. नुकतीच अंडी सोडायला निघालेली मादी आणि सोडून बसलेली मादी, दोघींचंही रक्त तपासलंस तर इस्ट्रॅडिओल उतरलेलंच दिसेल. नुसत्या त्या एका आकड्यावरून त्या दोघींना वेगळं काढता येणार नाही.

तुझ्या प्रयोगात हा धोका जास्त आहे, कारण तू शिंगी घेतलीस आणि तीही फाल्गुनात. शिंगीचं वर्ष ठरलेलं असतं. नोव्हेंबर ते जानेवारी अंडाशय निजलेलं, फेब्रुवारी ते एप्रिल तयारी, मे-जूनमध्ये भरणी, जुलै-ऑगस्टच्या पावसात अंडी. दिल्ली विद्यापीठात बी. आय. सुंदरराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच माशावर दाखवलं की तयारीच्या काळात पाणी ऊबदार केलं, तर दिवस लहान असो की मोठा, अंडाशय वाढीला लागतं. तू ज्या महिन्यात हीटर लावलास, त्या महिन्यात ऊब म्हणजे शिंगीला निरोप असतो. तुझ्या ३४ अंशांच्या माद्या कदाचित दबलेल्या नाहीतच, इतर माद्यांच्या महिनाभर पुढे निघून गेल्यात.

आणि कदाचित खरंच दबल्याही असतील. टास्मानियात सामन मासा पाळतात, त्याच्यावर हे फार चांगलं काम झालंय. अंडी भरायच्या काळात पाणी १४ अंशांऐवजी २२ अंशांवर राहिलं की त्याच्या मादीत अ‍ॅरोमॅटेजचं जनुक मंदावतं, इस्ट्रॅडिओल उतरतं, व्हिटेलोजेनिन घटतं, अंडी उशिरा सुटतात आणि त्यातली बरीच फलित होत नाहीत. तिथे उष्णता नक्की ब्रेक आहे. आपल्या शिंगीला एका मर्यादेपर्यंत ती टाच मारते आणि त्यापुढे लगाम खेचते. ती मर्यादा कुठे आहे, हाच तर तुझा विषय.

माझं सांगते. मी तुझ्याएवढी असताना हाच मासा, हाच प्रश्न घेतला होता. जनुकं मोजायची सोय नव्हती, आम्ही रेडिओइम्युनोअसेने, म्हणजे किरणोत्सारी खुणेच्या चाचणीने, रक्तातलं इस्ट्रॅडिओल मोजायचो. गरम टाकीतलं इस्ट्रॅडिओल निम्म्यावर आलं आणि मी तेच, तुझंच वाक्य लिहिलं. एका परिषदेत मागच्या रांगेतून एक वयस्कर गृहस्थ उठले आणि अगदी मायेने विचारलं, ‘बेटी, अंड्यांचा केंद्रक मध्यभागी होता की कडेला सरकला होता?’ मला सांगता येईना. अंडाशयं मी वजन करून टाकून दिली होती. वजनं वहीत होती, गरम टाकीतली जास्तच भरली होती, आणि तरीही मी दबलं असंच लिहिलं होतं! पुढच्या फाल्गुनापर्यंत थांबावं लागलं, वर्ष गेलं. त्या प्रश्नाचा मला आजही राग येत नाही, उलट तो माणूस पहिल्या रांगेत का नव्हता असं वाटतं.

तेव्हा उद्या सकाळी प्रयोगशाळेत जा आणि आधी अंडाशयं काढ. प्रत्येक मादीच्या अंडाशयाचा एक तुकडा बुईनमध्ये, त्या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, ठेवला होतास ना? त्याचे छेद कापून घे. छेद होईपर्यंत नव्या माद्यांची ताजी अंडी बघता येतील. अल्कोहोल, फॉर्मॅलिन आणि अ‍ॅसेटिक आम्ल ६:३:१ प्रमाणात मिसळ, काचेच्या बशीत घे आणि त्यात वीसेक अंडी सोड. हिरवट, अपारदर्शक मणी हळूहळू निवळतात आणि आत केंद्रकाचा ठिपका उमटतो. तो मधोमध असेल तर अंडं अजून पक्वतेला लागलेलं नाही. एका कडेला गेला असेल तर पक्व व्हायला निघालंय. मी शेकडो वेळा पाहिलंय, तरी तो ठिपका उमटताना श्वास रोखला जातोच.

छेदांत मोठी, बलकाने भरलेली अंडी आणि कडेचा केंद्रक दिसला, अंडाशयाचं वजनही शरीराच्या मानाने जास्त असलं, तर तुझी मादी पुढे गेलीय. अंडी लहान असली किंवा भरलेली अंडी आतून विरघळायला लागलेली दिसली आणि यकृतातलं व्हिटेलोजेनिनचं जनुकही खाली असलं, तर दबलंय म्हण, मी सही करीन. आणि कुठल्याही परिस्थितीत २८ अंशांतली भरणीची मादी ३४ अंशांतल्या भरणीच्याच मादीशी ताड. टाकीशी टाकी ताडू नकोस, अवस्थेशी अवस्था ताड.

आणखी एक राहिलं. तू सगळं बीटा-अ‍ॅक्टिनच्या भाषेत मोजलंस, म्हणजे ते जनुक स्थिर आहे असं धरून बाकीची त्याच्याशी ताडलीस. पण ते स्वतः तापमानाने हललं नाही कशावरून? दोन्ही टाक्यांतले त्याचे कच्चे आकडे शेजारी मांडून मला पाठव, जोडीला आणखी एखादं संदर्भ-जनुक घे. ऑक्सिजनची काळजी शिंगीत थोडी कमी, ती वर येऊन हवा घेते, पण जाळी पाण्याला टेकलेली नको. उद्या हाच प्रयोग रोहूवर करशील तेव्हा मात्र लक्षात ठेव, २८ अंशांच्या पाण्यात लिटरमागे फार तर ७.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि ३४ ला साधारण ७.१. ऑक्सिजन घटला तरी इस्ट्रॅडिओल उतरतं, मग दोष कुणाचा ते कळत नाही. आणि रक्त सगळ्यांचं एकाच वेळेला, सकाळी, जाळ्यात धरल्याबरोबर घे. धडपडलेल्या माशात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं, आणि ते या साखळीत लुडबूड करतं.

रविवारी स्लाइड घेऊन घरी ये. माझं जुनं सूक्ष्मदर्शक पुसून ठेवते, दिवा नवा बसवलाय. गरम टाकीतल्या सहाही माद्यांच्या स्लाइड आण, आकडा चांगला आलेल्या तिघींच्याच नकोत.

तुझी
बाई