वाचक विचारतात: ट्रम्पेट घरी दुरुस्त करायचा की कारागिराकडे द्यायचा?

प्रश्न: नमस्कार सर, आमचं छोटं बँडपथक आहे. वरातीत धक्का लागून ट्रम्पेट पडला, भोंग्याला पोचा आलाय, माउथपीस आत गच्च बसलाय आणि दुसरा पिस्टन दाबला की वर यायला वेळ लावतो. चांगला कारागीर पुण्याला, म्हणजे द्यायला एक फेरी, आणायला एक फेरी, दोन दिवसांची मजुरी गेलीच. युट्यूबवर लोक सगळं घरीच करतात. गावातले तांबट काका पण म्हणतात आण, पोचा काढून देतो. काय करू?
एक वाचक, कोरेगाव

उत्तर: दादा, तिन्ही तक्रारी एकाच पडण्यातून आल्या असल्या तरी तिघींचं औषध वेगळं आहे. जे नुसत्या हाताने, पाण्याने आणि तेलाने होतं ते घरी करायचं, आणि जिथे पक्कड, हातोडा नाहीतर आग लागणार तिथे आपण हात लावायचा नाही, माझा हिशोब एवढाच आहे.

पिस्टनपासून सुरुवात करा कारण तो बहुतेक घरीच सुटेल. वरची टोपी फिरवून पिस्टन सरळ वर ओढा, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, केसिंगच्या, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या नळीच्या, आतून मऊ सुती कापड फिरवा, पुसा, व्हॉल्व्ह ऑइलचे चार थेंब सोडा आणि परत घाला. पिस्टनवर 1, 2, 3 असे आकडे कोरलेले असतात, तिघांची अदलाबदल झाली की फुंकर पुढे जातच नाही आणि माणूस घाबरतो की वाद्य गेलं. आत सोडून हलकेच फिरवा, गाइड, म्हणजे पिस्टनवरचा छोटा खिट्टा, खाचेत बसल्याचं बोटाला कळतं. खोबरेल तेल मात्र घालू नका, बरेच जण घालतात, ते 24 अंशांच्या खाली गोठायला लागतं आणि पौष-माघातल्या पहाटेच्या वरातीत नेमकं तिथेच बोट अडकतं.

धुऊनही तो अडकत असेल तर उजेडात धरून बघा. एकाच जागी घासल्याचा चकचकीत पट्टा दिसला तर पडताना केसिंग दबलंय, आणि मग थांबायचं. पॉलिश पेपर किंवा रबिंग पेस्ट लावून पिस्टन "मोकळा" करणारे मी बघितलेत. पिस्टन आणि केसिंगमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात हो! तिथून एकदा धातू गेला की हवा गळते, आवाज पोकळ होतो, आणि मग पिस्टनवर पुन्हा मुलामा चढवून बसवण्याचा खर्च स्वस्तातल्या ट्रम्पेटच्या किमतीच्या जवळ जातो.

माउथपीस. इथे पक्कड लावली की संपलं, कारण माउथपीस हलत नाही, त्याच्यामागची नळी पिळली जाते आणि ब्रेसचा, म्हणजे नळ्यांना एकमेकींशी जोडून धरणाऱ्या आडव्या दांडीचा, डाख सुटतो. माउथपीसच्या दांड्याला बर्फ लावा, बाहेरच्या नळीभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा, म्हणजे आतलं आकसेल, बाहेरचं फुगेल, मग हाताने हलकं फिरवून बघा. नाही निघालं तर कारागिराकडे पुलर नावाचं स्क्रूचं हत्यार असतं, त्याचं काम दोन मिनिटांचं. मोठं पथक असेल तर पुलर विकतच घ्या, सगळ्यांच्या वाद्यांना चालतो.

आता पोचा. तांबट काकांच्या हाताबद्दल मला पूर्ण आदर आहे, पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम मी तासन् तास बघत बसलोय. पण तिथे ठोका मारतात तो पत्रा कडक व्हावा म्हणून, प्रत्येक ठोक्याने तांबं घट्ट होतं आणि घागर टिकते. भोंग्याचा पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर. त्यावर तसाच ठोका बसला की तो ताणला जातो, कडक होतो, आणि पोच्याच्या जागी उलटा उंचवटा येतो जो परत खाली बसत नाही. वाद्याचा कारागीर आत पोलादी सळई किंवा गोळा घालतो, अगदी त्या जागेच्या मापाचा, आणि ठोकण्यापेक्षा जास्त घासतो, बाहेरून घासत घासत पत्रा गोळ्यावर बसवतो. वळणात तर लहान गोळ्यापासून सुरुवात करून जरा जरा मोठा गोळा घालत जायचा, तासाभराचं काम, आणि कान पण लागतो. चमच्याच्या दांड्याने आतून ढकललेला पोचा त्याच्याकडे गेला की त्याचं काम दुप्पट आणि बिलही दुप्पट.

आणि एक दिलासा, भोंग्याच्या कडेच्या पोच्याने आवाजात फारसा फरक पडत नाही. माउथपीसजवळच्या बारीक नळीतला छोटासा पोचा त्याहून जास्त त्रास देतो. म्हणून आत्ता सुपाऱ्या आहेत तोवर भोंगा तसाच राहू द्या. आषाढात लग्नं थांबली की पथकातली सगळी वाद्यं एकत्र बांधून एकाच फेरीत न्या, गणपतीच्या आधी हातात येतील आणि मजुरी पण एकदाच बुडेल. नवा कारागीर शोधताना दर विचारायच्या आधी त्याच्याकडे गोळे आणि सळया आहेत का ते बघा. नसतील तर उठून या.

प्रश्न: मुलीच्या शाळेच्या बँडचा ट्रम्पेट घरी आणलाय, काळपट झालाय. देवाची भांडी घासतो तसा चिंच-मीठ लावून घासू का?
एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, नको. बऱ्याच ट्रम्पेटवर पारदर्शक लॅकर असतं, आंबट लागलं आणि घासलं की ते निघतं, मग उघडं पितळ अजून लवकर काळं पडतं. पावडर तर पिस्टनच्या आसपास पण नको, एक कण आत गेला तरी ओरखडे. कोमट पाणी, साबण, मऊ कापड एवढंच. उकळतं पाणी सुद्धा नको, लॅकर सोलून येतं. मधल्या नळ्यांसाठी लांब लवचीक ब्रश मिळतो, तो फिरवला की जे बाहेर येतं ते बघून मुलगी स्वतःच वाजवायच्या आधी चूळ भरायला लागेल. एक गोष्ट मात्र नीट बघा, माउथपीसलगतच्या नळीवर गुलाबी ठिपके आणि मधे काळा बिंदू दिसतोय का. लाळेमुळे पितळातलं जस्त आतून निघून जातंय आणि नुसतं तांबं उरतंय त्याची ती खूण. हे पुसून जात नाही, नळी बदलावी लागते, शाळेला आत्ताच कळवा.

प्रश्न: ब्रेस सुटलीय, मित्राकडे इलेक्ट्रिकची सोल्डरिंग गन आहे. आणि थुंकी काढायच्या चावीतून हवा गळते असं वाटतं.
एक वाचक, मडगाव

उत्तर: चावीचं घरी करा. वाजवताना ती बुचाच्या बाजूने बोटाने घट्ट दाबून धरा, आवाज भरला तर बूच झिजलंय. जुनं खरवडून नवं चिकटवायचं, तात्पुरतं बाटलीचं बूच ब्लेडने कापूनही चालतं, फक्त तळ सपाट हवा. ब्रेसला गन लावू नका. डाख 190 अंशांच्या आसपास वितळतो पण पितळ उष्णता ओढून घेतं, गनने ते पुरेसं तापतच नाही, आणि ज्योत लावली तर शेजारचा जोड सुटतो. एम-सील, फेविक्विक पण नको, ते खरवडण्यातच कारागिराचा वेळ जातो. उद्या वाजवायचंच असेल तर इन्सुलेशन टेपने बांधा आणि कार्यक्रम झाला की तसाच घेऊन जा.