कॉसमॉस बागेतून टेकडीवर गेलं, आता काय?

प्रश्न : आमच्या सोसायटीने कुंपणालगत केशरी-पिवळ्या कॉसमॉसचं बी फेकलं होतं. यंदा मागच्या टेकडीच्या उतारावरही तीच फुलं दिसताहेत. फुलपाखरं भरपूर येतात. मग काढायचं कशासाठी, आणि कसं?
– एक वाचक, बावधन

उत्तर : फुलपाखरं येतात, हे खरं. पण हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं. आपल्या माळावर ते कमरेएवढं, कुठे डोक्याएवढं दाट माजतं आणि त्याच्या सावलीत गवत, तेरडा, सोनकी दबून जातात. त्यांचा फुलायचा, बी धरायचा काळ पावसाळ्याचाच, आणि नेमकी तेव्हाच ही जागा अडवली जाते. म्हणून काढाच.

कॉसमॉस एका हंगामाचं झाड आहे. जमिनीत कंद राहत नाही, पुढच्या वर्षी येतं ते बियांतून. त्यामुळे बी पडू द्यायचं नाही, एवढंच सांभाळायचं. जुलै-ऑगस्टमध्ये, कळ्या धरण्याआधी, माती ओली असताना बुडाशी धरून मुळासकट उपटा. विळ्याने वरच्यावर छाटू नका. खालच्या पेरांतून फांद्या फुटतात आणि बुटकं झाड पुन्हा फुलतं. बहुतेक ठिकाणी मेहनत इथेच वाया जाते. सगळं बी एकदम उगवत नाही, तेव्हा दर पंधरा दिवसांनी फेरी मारा, आणि निदान दोन-तीन पावसाळे तरी हे चालू ठेवा.

कळी नसलेली रोपं मुळं वर करून वाळवली की खतात चालतात. फुलं आली असतील तर मात्र ती आधी खुडून पोत्यात भरा. खतात टाकली तर तेच बी खताबरोबर सगळ्या वाफ्यांत जाईल. पिकलेलं बी काळपट, सुईसारखं, दीड ते तीन सेंटिमीटर लांब असतं. टोकाच्या काट्यांनी ते कपड्यांना चिकटतं. टेकडीवरून उतरताना मोजे आणि पँटचे काठ झाडा.

उपटताना सोनकीवर हात पडू देऊ नका. सोनकीचं पान अखंड, दातेरी काठाचं, एकाआड एक. कॉसमॉसची पानं समोरासमोर आणि झेंडूसारखी चिरलेली.

टेकडी वन विभागाच्या ताब्यात असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या.

प्रश्न : थंडीतला गुलाबी-पांढरा कॉसमॉस लावला तर चालेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तोही मेक्सिकोचाच. लावायचा तर कुंडीत, आणि पाकळ्या गळताच फूल देठासकट खुडा. टेकडीला लागून घर असेल तर त्याऐवजी गावठी तेरडा लावा, पण त्याचं बी पावसाच्या सुरुवातीलाच पेरायला हवं.